हृदयाचा ताल आणि गावाचे अंतर

विभागीय रुग्णालयातील हृदयतालतज्ज्ञाचे काम म्हणजे पेसमेकर बसविणे, असा समज आहे. १९५८ साली स्टॉकहोममध्ये माणसाच्या देहात पहिला पेसमेकर बसविला गेला, ही विज्ञानाची थोर झेपच होय. परंतु गरिबाच्या हृदयाचा ताल पुष्कळदा बालपणीच्या घसादुखीने बिघडतो. दाटीवाटीच्या खोलीत जंतुसंसर्ग फैलावतो, संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसते आणि पुढे वरचा कप्पा नुसता थरथरू लागतो. तेथे साकळलेली गुठळी मेंदूत गेली, की हातावर पोट असलेला माणूस लुळा पडतो.

यावर वॉरफरिनची गोळी स्वस्त आहे. तिची मात्रा ठरविणारी रक्ततपासणी मात्र वारंवार करावी लागते. त्यासाठी रोजगार बुडवून शहर गाठावे लागते. ही तपासणी न लागणारे रिव्हरोक्साबॅन हे नवे औषध या रोगात वॉरफरिनसारख्या जुन्या औषधांपेक्षा उणे ठरते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे तपासणी टळणारी नाही. टळू शकते ती पायपीट. म्हणून रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी आणि जंतुसंसर्गाने घसा धरलेल्या मुलाला तेथेच वेळेवर पेनिसिलिन मिळावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावी लावून धरली पाहिजे.