पुस्तकं पेटीबाहेर काढा

आम्ही लोहा तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. एरवी तुमच्याशी बचतीचं आणि हप्त्याचं बोलतो, आज लेकरांच्या वाचनाचं बोलायचंय. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेत पुस्तकं मांडतात, लेकरं वाचतात. पण १६ तारखेला ती पुस्तकं कुठं असतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

विचारायची वेळ आली ती गेल्या वर्षी. पावसाळ्यात एका बैठकीत आमच्या एका मैत्रिणीनं कौतुकानं तिसरीतल्या लेकाला धडा वाचायला लावला. पोरानं पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग एकीनं सहज दुसरं पान काढलं आणि म्हणाली, "आता हे वाच बरं राजा." पोरगं गप्प. त्याला धडा पाठ होता, वाचता येत नव्हतं. मायचा चेहरा उतरला. ती स्वतः अंगठा लावणारी, तिला कळणार तरी कसं? तिनं हात उगारला, तो आम्ही वरच्या वर धरला.

चूक एकट्या लेकराची नव्हती. त्याच्या हाती आजवर शाळेचं पुस्तक सोडून दुसरं पुस्तकच पडलं नव्हतं. मग गोडी लागावी कशाची? आम्ही शाळेत गेलो. गोष्टींची पुस्तकं होती, पण कपाटात, कुलपात. फाटली, हरवली तर हिशोब कोण देणार, ही भीती. आम्ही गुरुजींना म्हटलं, "हिशोब आम्ही देतो. ते तर आमचं नेहमीचंच काम आहे."

तीस पुस्तकं आणून गटाच्या पेटीत ठेवली. कर्जाचं असतं तसं लेकरांचं रजिस्टर केलं. आठवड्याला एक पुस्तक न्यायचं. व्याज एवढंच, की परत करताना ती गोष्ट सगळ्यांना सांगायची. वाचताना कुणी अडखळलं तर हसायचं नाही, असा ठरावही लिहिला.

त्या लेकराला मोठ्या चित्रांची, पानावर दोनच ओळी असलेली पुस्तकं दिली. माय भाकरी थापताना त्याला चुलीजवळ बसवायची. अक्षर चुकलं तर तिला कळायचं नाही. पण गोष्ट जुळली नाही की ती म्हणायची, "असं कसं होईल? परत बघ." तो परत बघायचा. स्वतःला वाचता येत नसलं तरी लेकराचं वाचन घेता येतं, हे आम्हाला तिनं शिकवलं.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीचा ट्रक आला. उचल घेतलेली, जाणं भागच होतं. पुस्तकं सोबत द्यायची का, यावर बैठकीत चांगलीच भांडाभांडी झाली. हरवतील, असं काहींचं म्हणणं. मग आपल्यात आणि त्या कुलपात फरक काय, असं बाकीच्यांचं. शेवटी पाच पुस्तकं तिच्या गाठोड्यात बांधली. उन्हाळ्यात ती परतली तेव्हा चारच आली. एकाचं वरचं पान गेलेलं, एकावर चिखलाचे डाग. पाचवं शेजारच्या कोपीतल्या पोरीनं परत दिलंच नाही, म्हणाली. त्या पुस्तकापुढं आम्ही 'बुडीत' लिहिलं नाही, 'वाचनात आहे' असं लिहिलं.

तो मुलगा आता चौथीत आहे. परवा बैठकीत त्यानं न पाहिलेली गोष्ट वाचली. अडखळत वाचली, पण पाठ म्हटली नाही.

मैत्रिणींनो, थोड्याच दिवसांत पुन्हा ट्रक येतील. गाठोड्यात पुस्तक बांधलं म्हणून शाळेची भरपाई होत नाही. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाचं काय, ते शाळेत आत्ताच विचारा. लेकरू सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवायला सोपं जातं. आणि पुस्तकं मात्र न्याच.

सातारा जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. आपल्याला अख्खं गाव जमणार नाही, एक पेटी तर जमेल. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात.

आज संध्याकाळी भाकरी थापताना लेकराला जवळ बसवा. दहा मिनिटं ऐका. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं, पण कुलपात राहिलेलं पुस्तक कुणाच्याच कामाचं नाही.

रामराम.