कपाशीची पातेगळ आणि स्त्रीबीजाचें पुटक



नवरात्रांत अमरावतीच्या अंबादेवीच्या व एकवीरेच्या देवळांपुढें ओट्या घेऊन उभी असलेली स्त्रियांची रांग आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. त्या रांगेंत एखादी तरी अशी असते, कीं लग्नाला पांचसात वर्षें होऊनहि जिची कूस उजवलेली नसते. तिनें देवीपाशीं काय मागावें, हा तिचा व देवीचा प्रश्न आहे. मला बोलावयाचें आहे तें घरीं परतल्यावर तिच्या कानीं पडणाऱ्या शब्दाविषयीं. तो शब्द 'वांझ' हा होय. पडीक वावराला लावावा तसा हा शब्द तिला लावतात. तेव्हां त्याचें उत्तरहि वावराच्याच भाषेंत दिलेलें बरें.

वऱ्हाडांतील शेतकऱ्याला कपाशीची पातेगळ ठाऊक असते. झाडाला पात्या लागतात, त्यांतल्या पुष्कळ गळतात. उरलेल्यांचीं फुलें होतात, त्यांतलींहि कांहीं झडतात. आणि जीं बोंडें शेवटीं फुटतात, त्यांचीच वेचणी होते. थोडीबहुत पातेगळ झाली म्हणून झाडाला कोणी नांवें ठेवीत नाहीं.

स्त्रीच्या शरीरांतहि असाच क्रम चालतो. गर्भाशयाच्या दोहों बाजूंस बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. त्यांत प्रत्येक स्त्रीबीज एका सूक्ष्म वेष्टनांत बसलेलें असतें. या वेष्टनासह बीजाला पुटक म्हणतात. वाढतांना त्यांत द्रव सांचतो व त्याची इवलीशी पिशवी बनते. १६७२ सालीं हॉलंडमधील वैद्य द ग्राफ यानें या पिशव्यांचें सविस्तर वर्णन केलें व त्यांनाच तो अंडीं समजला. खरें बीज पिशवीच्या आंत असतें, हें १८२७ सालीं फॉन बेअर यानें दाखविलें.

मुलगी आईच्या पोटांत पांच महिन्यांची असते, तेव्हां तिच्यापाशीं साठसत्तर लक्ष बीजें असतात. जन्मकाळीं दहा ते वीस लक्ष उरतात, वयांत येतांना तीनचार लक्ष. आणि साऱ्या आयुष्यांत पिकून बाहेर पडतात तीं अवघीं ४०० ते ५००. बाकीचीं आपोआप विरून जातात. ही निसर्गाची पातेगळच होय. कपाशींत व हिच्यांत भेद एवढाच, कीं कपाशी पुढल्या मृगाला पुन्हां पेरतां येते; ही पेरणी मात्र जन्मापूर्वीं एकदांच होते.

दर महिन्यास कांहीं पुटकें वाढूं लागतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पोषग्रंथीचा स्राव त्यांना पोसतो; त्यांतलें बहुधा एकच पुढें निघून सुमारें दोन सेंटिमीटरांचें होतें, व इतर मागें पडतात. तें वाढतांना जो स्राव सोडतें, त्यानें गर्भाशयाचें अस्तर जाड होतें. मग तें फुटून बीज बाहेर पडतें. तें बीज बारा ते चोवीस तासच फलनक्षम राहतें. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड बनतो व तो गर्भाशयाला गर्भधारणेसाठीं सज्ज ठेवतो. गर्भ राहिला नाहीं, तर सुमारें चौदा दिवसांनीं पाळी येते.

या क्रमांत कोठेंहि अडथळा येऊं शकतो. कित्येकींचीं पुटकें लहान असतांनाच थबकतात व पाळी लांबते. सोनोग्राफीच्या अहवालांत 'गांठी' हा शब्द वाचून घरें भेदरतात. परंतु या विकारांतील त्या बारीक गांठी बहुधा अशीं थबकलेलीं पुटकेंच असतात, आणि योग्य औषधानें पुष्कळदां त्यांतलें एखादें पुन्हां वाढीस लागतें. कधीं दोष बीजनलिकेंत असतो. आणि संतानहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्या ठिकाणीं पुरुषाच्या वीर्याचाहि कांहीं ना कांहीं वांटा असतो. तरी तपासणीला आधीं सून जाते, आणि मुलगा जातो तो सर्वांच्या शेवटीं, किंवा जातच नाहीं.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास वैद्यकीय पदवीधर झाल्या. स्वतःचें तान्हें मूल दहा दिवसांत गमावलेली ही स्त्री प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ६ ऑगस्ट १९८६ रोजीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नानें एका मुलीचा जन्म झाला. तिचें बीज आईच्या पुटकांतून काढून शरीराबाहेर फलित केलेलें होतें. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनीं १९७८ सालींच असें बालक जन्मास आणलें होतें. परंतु त्यांची कदर झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

परंतु शास्त्र बीज पुटकांतून काढूं शकतें, गेलेलें वय परत आणूं शकत नाहीं. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व कस दोन्ही झपाट्यानें उतरतात. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनहि गर्भ राहिला नाहीं, अथवा पत्नीचें वय पस्तिशीपुढें असतां सहा महिन्यांत राहिला नाहीं, तर पतिपत्नींनीं एकाच दिवशीं, एकत्र, डॉक्टरांकडे जावें. पाळी फार अनियमित असेल, तर तेवढेंहि थांबूं नये. आरंभाला पुण्यामुंबईस धांवण्याचें कारण नाहीं. अमरावतीस 'डफरीन' व अकोल्यास 'लेडी हार्डिंग' या नांवांनीं लोकांच्या तोंडीं असलेलीं स्त्रियांचीं सरकारी रुग्णालयें आहेत; पहिला सल्ला तेथें विचारतां येतो.

उपचार करूनहि कांहीं कुशी रिकाम्या राहतील. तें लपवून चालणार नाहीं. पण ज्या बीजांची पेरणी तिच्या जन्मापूर्वीं झाली, त्यांचा जाब आपण सुनेला कसा विचारणार? नवस करावयाचा त्यानें खुशाल करावा. मात्र त्याच्या फळाची वाट पाहण्यांत तिचीं वर्षें घालवूं नयेत. आणि ओटी भरून ती घरीं येईल, तेव्हां तो एक शब्द तेवढा तिच्या कानीं पडूं देऊं नये. इतकी विनंती करून आपली रजा घेतें.