बस्बी-फर्ग्युसन यांच्या खुर्चीवर



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी रास्त अपेक्षा असते. ती बाजूस सारून मी आज आपल्यापुढे फुटबॉल घेऊन उभा आहे, आणि तोही सातासमुद्रापलीकडचा. हे पाहून पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असल्यास मला नवल वाटणार नाही. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी तरुण पोरे एका मॅनेजरची उणीदुणी अशा आवेशाने काढीत, की ती आपल्याच कारखान्याच्या मॅनेजरविषयी बोलत आहेत असे मला प्रथम वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की तो मँचेस्टर युनायटेड नावाच्या क्लबचा मॅनेजर. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयातले. त्याच सवयीने मी या क्लबविषयी वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की विषय आपल्या धंद्यापासून फारसा दूर नाही.

कारण हा क्लब मुळात कामगारांचा. १८७८ साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी तो काढला. १९०२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्या काळी इंग्लंडमधील खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा अधिक पगार द्यायचा नाही, असा फुटबॉल असोसिएशनचा नियम होता. मैदानात तीस-चाळीस हजारांची गर्दी जमो, गल्ला कितीही भरो, खेळाडूला मिळायचे चारच. तेव्हा डिसेंबर १९०७ मध्ये बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स आदी युनायटेडच्या खेळाडूंनी पुढाकार घेऊन मँचेस्टरमध्येच खेळाडूंची युनियन स्थापन केली. १९०९ साली असोसिएशनने फर्मान काढले की युनियन सोडा, नाही तर खेळ सोडा. बहुतेक क्लबांचे खेळाडू वाकले. युनायटेडचे वाकले नाहीत. त्यांना क्लबने बाहेर काढले, तेव्हा त्यांनी स्वतःला ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ असे नाव घेऊन सराव चालू ठेवला. अखेर तडजोड झाली आणि युनियन टिकली. पगारावरची ती मर्यादा मात्र उठायला १९६१ साल उजाडावे लागले. संघटनेचे काम केलेल्या माणसाला ही चिकाटी नवीन नाही.

आता मॅनेजरांकडे वळतो. या क्लबच्या इतिहासात दोन थोर माणसे झाली. पहिले मॅट बस्बी. स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरलेला हा माणूस १९४५ मध्ये मॅनेजर झाला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर संघाचे विमान कोसळले. २३ माणसे दगावली, त्यांत ८ खेळाडू. बस्बी मरणाच्या दारातून परतले, त्यांनी संघ पुन्हा उभा केला आणि दहा वर्षांनी, मे १९६८ मध्ये, वेम्ब्लीवर बेन्फिकाला ४-१ हरवून युरोपचा चषक मिळवला. पुढच्या वर्षी ते पायउतार झाले.

त्यांच्यानंतर जे आले त्यांची कथा मला फार बोलकी वाटते. विल्फ मॅग्विनेस नावाचा ३१ वर्षांचा तरुण खुर्चीवर बसवला गेला. पाय मोडल्यामुळे ज्याचा खेळ अकाली संपला होता असा, क्लबच्याच अंगणात वाढलेला माणूस. ज्याच्याबरोबर तो एकेकाळी खेळला, त्या बॉबी चार्ल्टनला, आणि डेनिस लॉलाही, आता त्याने हुकूम करायचे! आमच्याकडे पाळीतल्याच एकाला मुकादम केले म्हणजे पहिले सहा महिने काय होते, ते येथील कामगारांना सांगायला नको. शिवाय बस्बी ‘जनरल मॅनेजर’ म्हणून क्लबातच होते. म्हणजे किल्ल्या सुनेच्या कमरेला, पण सासूबाई ओटीवर बसलेल्या. कोणी सून रुसली की थेट ओटीवर जाई. मॅग्विनेस यांनी तीन उपान्त्य सामने गाठले, तिन्ही हरले, आणि डिसेंबर १९७० मध्ये गेले.

मग फ्रँक ओफॅरेल. आयर्लंडमधील कॉर्कचे. वडील इंजिन ड्रायव्हर, स्वतःही तरुणपणी इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन. रेल्वे कामगारांच्या क्लबला रेल्वेवाला मॅनेजर मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. १९७१ च्या अखेरीस संघ यादीत सर्वांच्या पुढे होता. तेथून जो घसरला तो हंगामाअखेर आठवा आला. पुढच्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसने पाच गोल घातले, उत्तर शून्य, आणि ओफॅरेल यांना घरी पाठवण्यात आले. करारात अजून साडेतीन वर्षे शिल्लक होती. जॉर्ज बेस्टसारखा अलौकिक खेळाडू दिवसेंदिवस सरावाला फिरकत नसे, त्याचे काय करायचे हे बस्बींनाही धड साधले नव्हते. पण त्याचा जाब ओफॅरेल यांना विचारला गेला.

त्यानंतर टॉमी डॉकर्टी आले, आणि येथे चाहत्यांच्या मनाची खरी मौज दिसते. या माणसाच्या हाताखाली संघ १९७४ मध्ये चक्क दुसऱ्या वर्गात उतरला. लोक आजही सांगतात की डेनिस लॉने मँचेस्टर सिटीकडून टाचेने मारलेल्या गोलाने युनायटेडला खाली ढकलले. ते खरे नाही. त्या दिवशी इतरत्र लागलेल्या निकालांमुळे युनायटेड तसेही खाली जाणारच होते. परंतु आख्यायिकेला हिशेब मानवत नाही. आणि काय व्हावे? दुसऱ्या वर्गात असताना ओल्ड ट्रॅफर्डवर जी गर्दी जमली, तेवढी त्या वर्षी इंग्लंडमध्ये कोणत्याही क्लबाकडे जमली नाही. संघ धावत होता, अंगावर जात होता, आणि एका वर्षात वर आला. डॉकर्टी यांच्या नंतरचे डेव्ह सेक्स्टन सभ्य, अभ्यासू. १९८० मध्ये संघ दुसरा आणला. १९८१ मध्ये हंगामाचे शेवटचे सात सामने ओळीने जिंकले, आणि तरीही त्यांना काढले! कारण एकच, खेळ रुक्ष होता. खाली उतरवणाऱ्याची आठवण लोक हसून काढतात, सात जिंकणाऱ्याचे नाव निघाले की जांभई देतात. हा न्याय मला पटत नाही. पण लोक गोल पाहायला येतात, गुणांची वही तपासायला येत नाहीत, हेही तितकेच खरे.

दुसरे थोर पुरुष ॲलेक्स फर्ग्युसन. ग्लासगोच्या गोव्हन भागातील, जहाजबांधणी कामगाराचा मुलगा. हत्यारे बनवण्याच्या कारखान्यात उमेदवारी करीत असताना उमेदवारांच्या संपात हा गृहस्थ पुढारी होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले आणि तीन वर्षे काहीच जिंकले नाहीत. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांना निरोप देणारे फलक प्रेक्षकांनी फडकवले, आणि तो पराभवही क्रिस्टल पॅलेसकडूनच. पाच महिन्यांनी त्याच पॅलेसला हरवून त्यांनी पहिला चषक जिंकला. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत चषकांची संख्या ३८ झाली होती. आज जे चाहते सांगतात की आम्ही नेहमीच धीर धरत आलो, त्यांनी तो फलक आठवावा.

फर्ग्युसन यांनी आपला वारस स्वतः सुचवला: डेव्हिड मॉइस. सहा वर्षांचा करार झाला, दहा महिन्यांत संपला. स्टँडवर त्यांच्या निवडीचा गौरव करणारा मोठा फलक लावलेला होता. मार्च २०१४ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतले आणि निवड चुकली असे सांगणारा फलक मैदानावरून फिरवला. त्या दिवशी संघ ४-१ जिंकला, हा आणखी एक विनोद. मॉइस यांचे चुकले नाही असे मी म्हणत नाही. आल्या आल्या त्यांनी जुने, कसलेले मदतनीस बदलले. नव्या कारखान्यात पाऊल ठेवताच जुने फोरमन हलवणारा साहेब मी पाहिलेला आहे, त्याला यंत्रे कोठे कुरकुरतात हे सांगायला कोणी उरत नाही. फुलहॅमविरुद्ध संघाने चेंडू ८१ वेळा बाजूने गोलपुढे टाकला आणि बरोबरी पत्करली. पण त्यांना मिळालेला संघ वयस्क झालेला होता, आणि फर्ग्युसन यांच्याबरोबरच क्लबचा कारभार पाहणारे डेव्हिड गिलही गेले होते. घरातली दोन्ही कर्ती माणसे एकाच दिवशी उठून गेली, आणि जाब विचारला तो नव्या सुनेला.

पुढची यादी भरभर सांगतो. लुई व्हान गाल, डच, विद्वान. चेंडू आडवा इतका फिरला की प्रेक्षक पेंगले. २०१६ मध्ये त्यांनी एफ.ए. चषक जिंकला (पुन्हा पॅलेसविरुद्ध!) आणि दोन दिवसांत त्यांना काढले. जोझे मोरिन्यो यांनी २०१७ मध्ये दोन चषक आणले, पुढच्या वर्षी ८१ गुणांनी दुसरा क्रमांक. राहिले मात्र हॉटेलात आणि भांडले आपल्याच खेळाडूंशी. तेव्हा त्या दुसऱ्या क्रमांकाला कोणी हिंग लावून विचारले नाही. आज बरेच चाहते खाली मान घालून कबूल करतात की ती कामगिरी होती. मग ओले गुन्नार सोल्स्कियार, १९९९ च्या बार्सिलोनातील अंतिम सामन्यात शेवटचा गोल मारणारा लाडका. त्यांनी एकही चषक जिंकला नाही. २०२१ चा युरोपा लीगचा अंतिम सामना पेनल्टींवर ११-१० असा गमावला, त्याच वर्षी घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ०-५ मार खाल्ला. तरी त्यांच्यावर राग धरणारा चाहता मला भेटलेला नाही. घरच्या माणसाने दूध सांडले तर आपण फडके शोधतो, परक्याने सांडले तर कारण विचारतो. राल्फ रांगनिक हंगामी होते. त्यांनी जाहीर सांगितले की मलमपट्टीने भागणार नाही, छाती उघडून शस्त्रक्रियाच हवी. खरे बोलणाऱ्या सल्लागाराचे जे होते तेच त्यांचे झाले. एरिक टेन हाग यांनी दोन चषक जिंकले, पण लिव्हरपूलमध्ये ०-७ आणि लीगमध्ये आठवा क्रमांक. जुलै २०२४ मध्ये त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. नंतरच्या रुबेन अमोरिम यांच्याविषयी मागे वळून पाहण्याइतका काळ लोटलेला नाही. २०२४-२५ मध्ये संघ पंधरावा आला, एवढेच नोंदवतो.

इतकी माणसे, इतक्या तऱ्हा. कोणी कडक, कोणी मवाळ, कोणी घरचा, कोणी परका. सगळेच नालायक होते काय? २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. निम्म्याहून अधिक पैसा कर्जाऊ, आणि त्यातले बरेच कर्ज विकत घेतलेल्या क्लबच्याच माथी मारलेले. म्हणजे गिरणी घ्यायची गिरणीच्याच गहाणावर. फर्ग्युसन होते तोवर चषक येत राहिले आणि व्याजाकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती. काही चाहत्यांना मात्र तेव्हाच कळले. त्यांनी २००५ मध्ये एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःच्या मालकीचा छोटा क्लब काढला, त्यात प्रत्येक सभासदाला एक मत. बाकीचे चोर सोडून संन्याशाला सुळी देत राहिले. अर्थात हे मॅनेजर काही संन्यासी नव्हते. काढल्यावरही त्यांना कोट्यवधींची भरपाई मिळाली. मे २०२१ मध्ये मात्र हजारोंनी ओल्ड ट्रॅफर्डवर धडक मारली, काही मैदानात घुसले, आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या दिवशी घोषणा कोणत्याही मॅनेजरच्या नावाने नव्हत्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा सुमारे चौथा हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. हे मँचेस्टरजवळचेच, त्यामुळे लोकांना आशा वाटली. त्यांनी काटकसर आरंभली. २०२४ मध्ये सुमारे २५० नोकऱ्या गेल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे जाणार असे जाहीर झाले. उरलेल्या तिकिटांचा दर सभासदांना सरसकट ६६ पौंड झाला, मुलांना आणि पेन्शनरांना मिळणारी सवलत त्यात राहिली नाही. ओल्ड ट्रॅफर्डवरील कर्मचाऱ्यांचे दुपारचे फुकट जेवण बंद होऊन त्याजागी फळे आली. त्याच काळातल्या क्लबच्या हिशेबात, मॅनेजर व वरचे फुटबॉल अधिकारी बदलण्यापोटी १ कोटी ४५ लाख पौंडांचा खर्च दाखवलेला आहे. टेन हाग यांचा करार वाढवणारे आणि त्यांना काढणारे हात एकच होते. तिकिटे विकणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या त्या चारशे माणसांनी ना मॉइस निवडला होता, ना टेन हाग.

आणि मॉइस? दहा महिन्यांत निकालात काढलेल्या या माणसाने २०२३ च्या जून महिन्यात प्राग येथे फिओरेंटिनाला हरवून वेस्ट हॅमला युरोपचा चषक मिळवून दिला. समारंभाच्या छायाचित्रात त्यांच्या शेजारी त्यांचे वृद्ध वडील उभे आहेत, गळ्यात मुलाने घातलेले पदक.

वेळ झाल्याची घंटा अध्यक्षांनी दोनदा वाजवली आहे.