मोकळे रान आणि फुलातला ताग
(केम, ता. करमाळा येथील बैठकीत केलेले भाषण)



आपल्याकडे ज्वारीचे रान जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोकळे असते. कुळवाच्या पाळ्या घालायच्या आणि उत्तरा-हस्ताची वाट पाहायची. ही रीत खुळी नाही. मुरलेल्या ओलीवर मालदांडी काढणे सोलापूर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. मालदांडी 35-1 आपल्या मोहोळचीच. पण तीन महिने उघडे रान तापते, जोराची सर आली की माती ओढ्याला जाते, आणि जमिनीच्या पोटात काही पडत नाही. शेणखत म्हणाल, तर दावणीला जनावरे किती उरली ते तुम्हीच आम्हाला सांगा.

म्हणून आम्ही ताग म्हणतो. मृग-आर्द्रात ओल झाली तर एकरी 20 किलो बी पेरावे. 45-50 दिवसांत पिवळे फूल दिसू लागते, तेव्हा तो गाडावा. आणखी थांबलात तर खोडात वाख धरतो आणि मग तो लवकर कुजत नाही. कासरे ज्या तागाचे वळतात तोच हा ताग.

'तागाने ओल पिली तर ज्वारीने काय प्यावे?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो बरोबर आहे. त्याचे उत्तर तारखेत आहे. मघा संपायच्या आत ताग गाडला गेला पाहिजे. मग सप्टेंबरचा पाऊस, जो आपला त्यातल्या त्यात भरवशाचा, त्यावर पडतो. ताग कुजतो आणि ओलही भरून येते. उशीर केला तर ओल गेली आणि ज्वारीच्या मुळाशी अर्धवट कुजलेल्या काड्या राहिल्या. मृग-आर्द्रा कोरडे गेले, तर त्या साली ताग पेरूच नका. हलक्या मुरमाड रानात तर हा जुगार नकोच. तिथे बांधावर गिरिपुष्प लावावे आणि पाला कापून रानात पसरावा.

खर्चाचे सरळ बोलू. एक टन ओल्या तागात साधारण 4 किलो नत्र धरा. एकरी 5 टन निघाला तर 20 किलो, म्हणजे युरियाची एक गोणी. अनुदानाची गोणी तागाच्या बियाण्यापेक्षा स्वस्त पडते. तेव्हा नुसत्या नत्रासाठी ताग करू नका. गोणीतून येत नाही ते मातीतले कुजके. ते वाढले की ढेकूळ फुटते आणि पाणी वाहण्याऐवजी मुरते. एका वर्षात मात्र हे दिसायचे नाही.

आता फुलाकडे येऊ. सगळा ताग एका दिवशी गाडला की त्यावर आलेल्या माशा-भुंग्यांना रानात थारा राहत नाही. कडेच्या दोन ओळी राहू द्या. पुढच्या सालचे बीही त्यातून धरता येईल. तरी तागाचे मिटलेले फूल उघडायला जोरकस भुंगाच लागतो. अळीच्या अंड्यात अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या बारीक माशीला ते उघडत नाही. तिला धन्याचे उघडे फूल हवे. म्हणून रब्बीत ज्वारीच्या कडेने धने टाका आणि करडईही पेरा.

करडई आपले वाडवडील ढोरे आत शिरू नयेत म्हणून काठाने पेरत. तिचा आणखी एक उपयोग आहे. करडईवर काळा मावा येतो. तो ज्वारीवर जात नाही, पण त्याला खायला ढालकिडे आणि क्रायसोपा जमतात. ज्वारीवर चिकटा पडू लागला की हीच फौज शेजारी तयार असते. डोक्याएवढ्या ज्वारीत फवारणीला कोण शिरणार? आणि फवारलेला कडबा शेवटी आपल्याच बैलापुढे जाणार.

कापूसवाल्यांनी दहा ओळींमागे एक ओळ चवळीची घ्यावी. चवळीच्या देठावरही गोड रस सुटतो, आणि तिच्या माव्यावर ढालकिडे वाढतात. मात्र 2017 साली महाराष्ट्रभर कापूस खाल्ला ती गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की तिथे ढालकिडा पोहोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा, फरदड ठेवू नका आणि पऱ्हाट्या वेळेवर रानाबाहेर काढा. पण पहिल्या दोन महिन्यांत मावा-तुडतुडे दिसले म्हणून औषध मारू नका. मित्रकिडे आधी मरतात. त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हेही ध्यानात असू द्या.

सगळे रान लगेच तागाखाली घालू नका. 10 गुंठे करा, शेजारचे 10 गुंठे नेहमीसारखे ठेवा. पेरणीच्या दिवशी दोन्हीकडे पहारीने खड्डा घेऊन ओल कुठवर आहे ती बोटाने पाहा, आणि काढणीला दोन्हीकडचा कडबा व दाणा वेगळा मोजा. बियाणे मृगाच्या आधी हाताशी लागेल. ज्यांना करायचे आहे त्यांनी आज जाताना नाव आणि गुंठे लिहून द्यावेत.