पांढऱ्या पेशींच्या पोतडीत
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



पू या विषयावर बोलणार म्हटल्यावर कार्यवाहबाईंनी नाक मुरडले. म्हणाल्या, चहाच्या आधी नको. म्हणून आज चहा आधी झाला.

माझी उमेदीची वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी रक्तातील पेशी मोजण्यात गेली. एक घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ‘न्यूट्रोफिल’ जातीच्या. रंग दिलेल्या काचेवर त्यांच्या पोटात बारीक दाणे दिसतात, रांगोळी सांडावी तसे. हे दाणे म्हणजे जंतू मारणाऱ्या प्रथिनांच्या पुड्याच. पेशी जंतूला गिळते आणि पुड्या त्याच्यावर रिकाम्या करते.

त्यांतले लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली जाहीर केले, पेनिसिलिनच्या सहा वर्षे आधी. सर्दीच्या शेंबडात ते सापडले, मग अश्रूंत. अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवीत. (आपल्याकडे कांदे चिरायला बसवून काम भागले असते!) लायसोझाइम जंतूची भिंत कुरतडते; पण पुष्कळ घातक जंतू त्याला दाद देत नाहीत. दुसरे लॅक्टोफेरिन, ते जंतूंना लागणारे लोह आधीच अडकवून ठेवते. बाळंतिणीच्या चिकात ते भरपूर असते, आणि तोच चीक पिळून टाकण्याची चाल आमच्या सासूबाईंच्या वेळी होती, काय म्हणावे! तिसरी जात डिफेन्सिन. १९८५ साली लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी ती मानवी पेशींतून वेगळी काढली. जेमतेम तीस अमिनो आम्लांची चिमुकली साखळी, धन विद्युद्भाराची. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो. त्याला ती चिकटते आणि भोके पाडते. पुवाला हिरवट झाक येते तीही या दाण्यांतल्याच एका हिरव्या प्रथिनामुळे. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ना, त्याच जातीचे जालीम द्रव्य ते पेशीच्या आत तयार करते. अशा लढून मेलेल्या पेशींचा चिखल, तोच पू.

आता घरचे सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊबाईंना कर्करोगावरची औषधे चालू होती. दुसऱ्या सलाइननंतर दहाव्या रात्री ताप चढला, १०१. खोकला नाही, घसा लाल नाही. सुई टोचली होती तिथे नुसते दुखत होते. सूज नाही, पू नाही. “विशेष काही दिसत नाही, गोळी घ्या, सकाळी पाहू,” असे मीच म्हणाले. जिने जन्मभर पेशी मोजल्या ती मी! ही औषधे अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशीही मारतात, आणि पेशीच नाहीत तर पू कोठून येणार? पहाटे त्यांना हुडहुडी भरली, रक्तदाब उतरला. रुग्णालयात न्यूट्रोफिल निघाल्या २००. शिरेतून प्रतिजैविके दिली, अकरा दिवसांनी त्या घरी आल्या. आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगायला त्यांनीच मला भरीस घातले.

तेव्हा कोणाच्या घरी असे उपचार चालू असतील तर थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ दिसले की रात्रीचे दोन का वाजले असेनात, रुग्णालयाला कळवा आणि निघा. आधी गोळी देऊन वाट पाहू नका. अंग गार लागते आणि आत जंतू वाढतच राहतात. आपल्याला सर्दी-पडसे असेल तर भेटायला जाऊ नका, दाराशी डबा ठेवलात तरी पुष्कळ. जाऊबाईंची त्याला एक पुस्ती आहे: डब्यात दुधीची भाजी नको, त्या महिन्यांत शेजारणींनी मिळून तिचा अगदी वीट आणला होता.