शितावरून भात



आज मी तुम्हांला एका थोर शास्त्रज्ञाविषयी सांगणार आहे. त्यांचं नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. नाव जरा अवघड आहे. सावकाश वाचा. आ-इन्-स्टा-इन. जमलं ना? मग पुढे चला.

आइन्स्टाइन १८७९ साली जर्मनीत जन्मले. ते ज्यू होते. ताऱ्याचा उजेड सूर्याजवळून येताना किंचित वाकतो, आणि तो किती वाकतो, हे त्यांनी घरी बसून गणिताने काढलं. १९१९ साली खग्रास सूर्यग्रहण झालं. त्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञांनी ताऱ्यांची छायाचित्रं घेऊन ते तपासलं. गणित खरं निघालं. तेव्हापासून आइन्स्टाइन यांचं नाव जगभर झालं.

१९२२ साली त्यांना जपानातून व्याख्यानांचं आमंत्रण आलं. त्या काळी तिकडे आगबोटीने जावं लागे. ८ ऑक्टोबरला ते पत्नीसह फ्रान्सच्या मार्सेय बंदरात बोटीवर चढले. बोटीचं नाव होतं ‘कितानो मारू’. जपानला पोचायला जवळजवळ सहा आठवडे लागले. वाटेत बोट कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय अशा बंदरांना लागली. बोट थांबली की उतारू खाली उतरत, गाव बघत आणि पुन्हा बोटीवर येत. आइन्स्टाइनही तसेच उतरले. जे दिसलं ते त्यांनी रोज वहीत टिपून ठेवलं.

कोलंबोला ते रिक्षात बसले. ती रिक्षा माणूस ओढीत होता. माथेरानला गेलेल्यांनी तशी हातरिक्षा पाहिली असेल. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथली ही प्रथा बंद करण्याचा हुकूम दिला. माणसाने माणसाला ओढावं हे माणुसकीला शोभत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आइन्स्टाइन यांनाही १९२२ साली तेच वाटलं होतं. आपण अशा गाडीत बसलो याची लाज वाटली, असं त्यांनी वहीत लिहिलं.

नोव्हेंबरात बोट हाँगकाँगला आली. हे चीनच्या किनाऱ्यावरचं बेट. १८४२ साली इंग्रजांनी ते चीनकडून घेतलं आणि १९९७ साली परत दिलं. फार मोठं बंदर. बेटावर उंच डोंगर आहे. डोंगरावर हवा थंड, म्हणून तिथे साहेबलोकांचे बंगले होते. १९०४ सालच्या कायद्यामुळे चिनी माणसाला त्या डोंगरावर घर करून राहता येत नसे. साहेबाचा नोकर म्हणून राहिला तर चाले. हा कायदा १९४६ साली रद्द झाला.

खाली चिनी वस्ती होती. तिथे आइन्स्टाइन यांनी बाया-पुरुष दगड फोडताना आणि वाहताना पाहिले. मजुरी दिवसाला पाच सेंट, असं त्यांनी लिहिलं. दुष्काळी कामावर ज्यांनी खडी फोडली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या माणसांचे हाल पाहून आइन्स्टाइन यांना वाईट वाटलं.

पण मंडळी, त्याच वहीत त्यांनी आणखीही काही लिहिलं. हे लोक कष्टाळू आहेत, पण घाणेरडे आणि मंद आहेत, असं लिहिलं. तिथल्या काही पोर्तुगीज शिक्षकांनी त्यांना सांगितलं की, चिनी पोरांना तर्काने विचार करायला शिकवता येत नाही, गणित तर त्यांना मुळीच येत नाही. आइन्स्टाइन यांनी तेही टिपून ठेवलं. ही वही त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, २०१८ साली, इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा हे लोकांपुढे आलं.

आता जरा विचार करू. आइन्स्टाइन हाँगकाँगला किती राहिले? दोन-एक दिवस. पुढे जानेवारी १९२३ मध्ये परत जाताना बोट पुन्हा तिथे थोडी थांबली, तेवढंच. चिनी भाषा त्यांना येत नव्हती. दगड फोडणाऱ्या बाईला त्यांनी काही विचारलं नाही, विचारता आलंही नसतं. बरोबर होते ते सगळे परदेशी. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. भाताला ते ठीक आहे. माणसाला ते माप लागू पडत नाही.

ते लोक मंद होते का? त्याच वर्षीची गोष्ट ऐका. हाँगकाँगच्या चिनी खलाशांना गोऱ्या खलाशांपेक्षा फार कमी पगार मिळे. जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी संप केला. बोटी बंदरात अडकून पडल्या. पुढे हमाल, स्वयंपाकी, घरगडी हेही संपात आले. लाखावर माणसं कामावरून उठली. पुष्कळ जण बंदर सोडून चीनमध्ये निघून गेले. सरकारने पोलीस आणले, गोळीबार झाला, माणसं मेली. तरी एकी मोडली नाही. मार्चमध्ये मालक नमले आणि पगार १५ ते ३० टक्के वाढला. ह्या संपाची बातमी आइन्स्टाइन यांच्याही कानांवर आली होती. संपाची बांधणी उत्तम होती, असं त्यांनी त्याच वहीत लिहिलं! लाख माणसं एका विचाराने राहतात, ती मंद कशी असतील? पण दोन्ही वाक्यं एकाच वहीत राहिली. एकाने दुसऱ्याला खोडलं नाही.

आणि गणिताचं काय? त्याच १९२२ सालच्या शरद ऋतूत चीनमध्ये एक मूल जन्मलं. त्याचं नाव यांग चेन-निंग. त्याचा मित्र ली त्सुंग-दाओ शांघायला जन्मला. ह्या दोघांना १९५७ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. तेच पारितोषिक आइन्स्टाइन यांना जाहीर झालं होतं ९ नोव्हेंबर १९२२ रोजी, ह्याच प्रवासात! पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे, आइन्स्टाइन ज्या संस्थेत काम करीत, त्याच संस्थेत हे दोघे चिनी तरुण संशोधक होते.

आइन्स्टाइन यांचा मोठेपणा यामुळे कमी होतो असं मी म्हणत नाही. जातीवरून, वंशावरून माणूस हलका ठरवणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा ज्यू म्हणून त्यांना जर्मनी सोडावी लागली. नंतर अमेरिकेत त्यांनी काळ्या लोकांची बाजू उघडपणे घेतली. १९४६ साली काळ्या विद्यार्थ्यांच्या लिंकन विद्यापीठात जाऊन, वर्णद्वेष हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, असं ते बोलले. वही लिहिणारा माणूस पुढे गेला.

मी जन्मभर मास्तरकी केली. ‘हे पोरगं ठोंब्या आहे, ह्याला काही येणार नाही,’ असं म्हणणं फार सोपं असतं. पोराने सकाळी काही खाल्लं होतं का, रात्री दिव्यात तेल होतं का, हे विचारायला वेळ लागतो. तुमच्यापैकी पुष्कळांना लहानपणी कुणी ना कुणी असंच म्हटलं असेल. ‘ह्या वयात हे काय अक्षर गिरवणार?’ असं कालपरवाही म्हटलं असेल. आज तुम्ही हे पान वाचता आहात.

तेव्हा दोन गोष्टी करा. कुणी आपल्याला मंद म्हटलं तर ते खरं मानू नका, म्हणणारा कितीही शिकलेला असो. आणि आपल्या गावात ऊसतोडीला, वीटभट्टीला परमुलखातली माणसं येतात, त्यांच्याविषयी आपण पारावर बसून काय बोलतो ते आठवून पाहा. त्यांच्या पालावर जाऊन एकदा नाव-गाव विचारा. त्यांची मुलं शाळेत जातात का, तेही विचारा. जात नसली, तर त्यांना शाळेत घेऊन या.