नोंद घेतली, पुढं?

(कडेगाव इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



हवामान बदल म्हटलं की तुम्ही म्हणता, ही बड्यांच्या परिषदांची भानगड; वस्तीला त्याचं काय? मी म्हणतो, तिथल्या एकेका शब्दावर उद्याचं आपलं ऊन-पाणी ठरतंय.

आधी यंत्रणा समजून घ्या. १९८८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली आय.पी.सी.सी. निघाली. जगभरचे शास्त्रज्ञ छापून आलेलं संशोधन तपासतात, अहवाल लिहितात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं मॉडेलही २०२१च्या अहवालात वापरलंय. पण धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारं ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात. मोजणार शास्त्रज्ञ, शब्दावर मोहोर सरकारांची!

तरीही विज्ञान हे दुबळ्याच्या हातचं हत्यार होऊ शकतं. समुद्र गिळायला बसलेल्या चिमुकल्या बेटांनी 'तापमानवाढ दीड अंशावर रोखा' असा हट्ट धरला. २०१५च्या पॅरिस करारात तो आकडा आणवला. २०१८ला शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला : दीड अंशावर थांबायचं तर कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन २०१०च्या मानानं २०३०पर्यंत सुमारे ४५ टक्के घटलं पाहिजे. त्याच डिसेंबरात, पोलंडमधल्या परिषदेत, या अहवालाचं 'स्वागत' करायला अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया, कुवेत तयार होईनात. म्हणाले, नुसती 'नोंद' घेऊ.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आपल्या किती अर्जांची अशीच नोंद घेतली गेली!

१९९२च्या जागतिक करारात एक तत्त्व आहे : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याची ऐपत मोठी त्याचा वाटा मोठा. दिल्ली जगाला हेच ठणकावून सांगते. बरोबरच सांगते. मग हाच न्याय गावाच्या वेशीआत का लागू नाही?

हे कडेगाव बघा. पर्जन्यछायेतला मुलूख. टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून इकडं आणलं. ते पाणी रानाला मिळतं. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्यानं काय करायचं? भर उन्हात दुसऱ्याच्या उसात राबायचं. देशाची सरासरी काढली की हा माणूस तिच्यात गडप होतो. धूर त्याचा नाही, चटका मात्र त्याला.

जे मोजलं जात नाही ते धोरणात येत नाही. म्हणून जिल्ह्याच्या आराखड्यात मोजदाद मागा : भूमिहीन किती, उन्हात राबणारे किती, नळ नसलेली घरं किती, आणि ती कुठल्या जातीची. बेटांनी एका आकड्यासाठी जगाला अडवलं. आपण आपल्या आकड्यासाठी तहसील कचेरी तरी अडवू. आता नुसत्या नोंदीवर उठायचं नाही.